निखारे, परवाने आणि पदपथ

१० ऑगस्ट २०२५ रोजी बेंगळुरूच्या मेट्रोची ‘यलो लाइन’ पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाली. आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्रा हा मार्ग एकोणीस किलोमीटरांहून थोडा अधिक लांबीचा आहे. त्यावर सोळा स्थानके आहेत आणि खर्च सुमारे ७,१६० कोटी रुपये झाला. या मार्गामुळे शहरातील मेट्रोचे जाळे ९६ किलोमीटरांच्या पुढे गेले. उद्घाटनाच्या बातम्यांत हे आकडे सर्वत्र छापून आले. मार्ग जिथे संपतो त्या बोम्मसंद्र्याचे पुढे काय होणार, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. माझ्या मते शहरांच्या धोरणाचा विचार करणाऱ्यांसाठी तोच प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

बोम्मसंद्रा हे गाव बेंगळुरूच्या आग्नेयेस, होसूर रस्त्यावर, अनेकल तालुक्यात आहे. या भागातील सिंगसंद्रा, तिप्पसंद्रा यांसारख्या गावांच्या नावांतील ‘संद्रा’ हे ‘समुद्र’ या शब्दाचे झिजलेले रूप आहे. कन्नड मुलखात मोठ्या तलावाला समुद्र म्हणण्याची जुनी रीत होती. तलावाकाठच्या या शेतकरी गावाच्या जमिनीवर पुढे कर्नाटक औद्योगिक क्षेत्र विकास मंडळाची वसाहत उभी राहिली. यंत्रांचे सुटे भाग, औषधे, तयार कपडे आणि विजेची उपकरणे यांचे कारखाने आले. शेजारच्या हेब्बगोडीच्या बाजूस बायोकॉन वाढली, तर डॉ. देवी शेट्टी यांच्या नारायण हृदयालयामुळे हे नाव बंगालपासून बांगलादेशापर्यंतच्या रुग्णांना ठाऊक झाले. आज त्या रुग्णालयाच्या आसपास बंगाली पाट्यांच्या भात-माशाच्या खानावळी आणि नातेवाइकांना उतरण्याच्या खोल्या दिसतात, त्याचे कारण हे आहे.

तरीही बोम्मसंद्रा हे ‘केंद्र’ कधीच नव्हते. लोक इथे पाळीसाठी येत आणि पाळी संपली की निघून जात. २०१० मध्ये सिल्क बोर्ड ते इलेक्ट्रॉनिक सिटी हा सुमारे दहा किलोमीटरांचा उन्नत मार्ग झाला आणि मोटारींचा प्रवाह जमिनीवरच्या जीवनापासून आणखी दूर गेला. जिथून लोक केवळ जातात, पण जिथे थांबत नाहीत, अशा जागेला महसुली नोंदीत नाव असते. सार्वजनिक जीवनात तिचे अस्तित्व नसते.

मेट्रो आल्यानंतर ही स्थिती बदलू लागल्याची पहिली खूण मला एका उपाहारगृहात दिसली. गेल्या हिवाळ्यात एका आप्ताच्या शस्त्रक्रियेनिमित्त मी काही दिवस या भागात होतो. स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, खाली वाहनांच्या सुट्या भागांची दुकाने आणि वर नवी काच असलेल्या एका इमारतीत, बार्बेक्यूचे नवे हॉटेल सुरू झाले होते. टेबलाच्या मध्यभागी शेगडी, तिच्यावर सळ्या, माणशी ठरावीक रक्कम आणि मग पोटभर खाणे, असा तो प्रकार. शुक्रवारच्या संध्याकाळी तिथे गळ्यात ओळखपत्रे अडकवलेले तरुण-तरुणी होते, तसेच गावाकडून आलेले आईवडील आणि एका कारखान्यातील निवृत्त होणाऱ्या फोरमनला निरोप द्यायला जमलेले आठ-दहा सहकारीही होते. यांतील बहुतेकांना पूर्वी अशा जेवणासाठी कोरमंगला किंवा जयनगर गाठावे लागले असते. आता पाळी संपल्यावर ते इथेच थांबले होते.

निखाऱ्यांची जुनी गोष्ट

असे उपाहारगृह विशिष्ट प्रकारच्या वस्तीतच चालते. या व्यवसायातील देशातील सर्वांत परिचित साखळी, बार्बेक्यू नेशन, हिने आपले पहिले हॉटेल २००६ मध्ये मुंबईत, वांद्र्याच्या पाली हिलवर उघडले. पुढे तिचे मुख्यालय बेंगळुरूत आले आणि २०२१ मध्ये कंपनीची शेअर बाजारात नोंदणी झाली. टेबलावरची शेगडी आणि ठरलेली रक्कम या जोडीत व्यवसायाचे साधे गणित आहे. हा प्रकार एकट्या गिऱ्हाइकासाठी नाही. समूहाने यावे, दोन तास बसावे आणि बिल वाटून घेताना वाद होऊ नये, यासाठी तो आहे. म्हणून ज्या भागात महिन्याचा नियमित पगार, सहकाऱ्यांचे गट आणि मोकळी संध्याकाळ या तीन गोष्टी एकत्र येतात, तिथे तो रुजतो. बोम्मसंद्र्यात पहिल्या दोन गोष्टी कित्येक वर्षे होत्याच. तिसरी मेट्रोने दिली.

शब्द परका असला तरी पदार्थ परका नाही. ‘बार्बेक्यू’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमार्गे इंग्रजीत आला. निखाऱ्यावर मांस भाजण्याची आपली परंपरा मात्र चांगलीच जुनी आहे. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कारकीर्द ११२६ ते ११३८) याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या अन्नभोगाचे सविस्तर वर्णन आहे. शूलावर टोचून निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाची कृतीही त्यात येते. हा राजा आजच्या कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर राज्य करत होता. दोन्ही राज्यांतील अस्मितेच्या भांडणांत हा सामाईक वारसा सहसा आठवला जात नाही.

बेंगळुरूच्या सार्वजनिक मांसाहाराचा दुसरा धागा तर थेट मराठी आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या सैन्याने केंपेगौडांकडून बेंगळुरू घेतले आणि ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. त्यानंतरच्या काळात इथे स्थिरावलेल्या मराठा कुटुंबांच्या वंशजांनी विसाव्या शतकात शहरात ‘मिलिटरी हॉटेले’ चालवली. जयनगरचे शिवाजी मिलिटरी हॉटेल हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. पानाच्या द्रोणात वाढलेली बिर्याणी, नाचणीचे मुद्दे, मटणाचा रस्सा आणि भाजलेले-परतलेले मांस असा तिथला बेत असतो. उडुपी हॉटेलांनी शाकाहारी मध्यमवर्गाला घराबाहेर जेवायला शिकवले, तर मिलिटरी हॉटेलांनी कष्टकऱ्यांना आणि मांसाहारी कुटुंबांना शहरात मानाने बसून जेवण्याची जागा दिली. १५३७ मध्ये केंपेगौडांनी वसवलेल्या पेठेत धान्य, कापूस, बांगड्या यांसाठी वेगवेगळे बाजार होते. त्या बाजारांत राबणाऱ्यांची भूक भागवणाऱ्या खानावळी हाही शहराच्या केंद्राचाच भाग होता. तेव्हा बोम्मसंद्र्यातील नव्या शेगडीकडे पाश्चात्त्य चैन म्हणून पाहण्याचे कारण नाही. कामाच्या जागेजवळ, सहकाऱ्यांसोबत, बसून जेवणे ही शहर घडण्याची जुनीच पायरी आहे.

रस्ता आधी, हॉटेल नंतर

उपाहारगृहांमुळे एखादा भाग जिवंत होतो, असे आपण सहज म्हणतो. क्रम बहुधा उलटा असतो. बेंगळुरूच्या चर्च स्ट्रीटचे उदाहरण पाहावे. जेमतेम पाऊण किलोमीटरचा हा रस्ता पुस्तकांची दुकाने आणि खाण्याच्या जागांसाठी पूर्वीपासून ओळखला जाई, पण फुटलेले पदपथ, उघडी गटारे आणि अस्ताव्यस्त वाहने यांमुळे तिथे चालणे कठीण झाले होते. महापालिकेने तो खणून सांडपाणी, वीज आणि दूरसंचाराच्या वाहिन्या नीट जमिनीखाली घेतल्या, वर दगडी फरसबंदी केली आणि २०१८ मध्ये तो पुन्हा खुला केला. नोव्हेंबर २०२० पासून काही महिने शनिवार-रविवारी तो केवळ पादचाऱ्यांसाठी ठेवण्याचा प्रयोगही झाला. आज त्या रस्त्यावर संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. यात हॉटेलमालकांच्या कल्पकतेचा वाटा आहेच, परंतु आधी गटार बांधले गेले हे विसरता येत नाही.

बोम्मसंद्र्यात नेमका हा आधीचा टप्पा राहिला आहे. स्थानक भव्य आहे. त्याला डेल्टा इलेक्ट्रॉनिक्सचे नाव आहे. कोनप्पन अग्रहार स्थानकासाठी इन्फोसिस फाउंडेशनने आणि हेब्बगोडीसाठी बायोकॉन फाउंडेशननेही निधी दिला. खासगी सहभागाची ही पद्धत चांगली आहे. मात्र स्थानकाच्या जिन्यावरून खाली उतरल्यावर लागणारा पदपथ कोणाचा, हा प्रश्न लगेच उभा राहतो. होसूर रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे, त्याचे प्राधिकरण वेगळे. औद्योगिक वसाहत मंडळाची. गाव बोम्मसंद्रा पुरसभेचे. मेट्रोची जबाबदारी मेट्रो महामंडळाकडे. २ सप्टेंबर २०२५ पासून बेंगळुरू महापालिकेच्या जागी पाच महापालिका आणि त्यांच्यावर ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरण अशी नवी रचना आली, पण ती जुन्या महापालिकेच्या हद्दीसाठी. मेट्रोच्या नकाशात बोम्मसंद्रा बेंगळुरूत आहे, पालिकेच्या नकाशात नाही. शेजारच्या इलेक्ट्रॉनिक सिटीला २०१३ पासून स्वतःचे औद्योगिक नगर प्राधिकरण आहे, ते मालमत्ता कर गोळा करते आणि रस्ते, दिवे, कॅमेरे यांवर तो खर्च करते. काही किलोमीटरांवर दोन औद्योगिक वसाहती आणि संध्याकाळी सातनंतर दोन्हींतील रस्त्यांवर चालण्याचा अनुभव अगदी वेगळा. हा फरक संपत्तीपेक्षा जबाबदारीच्या स्पष्टतेचा आहे.

छत्तीस कागद

आता हॉटेल उघडणाऱ्याच्या बाजूने पाहू. २०१९-२० च्या केंद्रीय आर्थिक पाहणी अहवालाने नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशनचा हवाला देऊन एक तुलना मांडली होती. उपाहारगृह सुरू करण्यासाठी बेंगळुरूत ३६, दिल्लीत २६ आणि मुंबईत २२ परवानग्या लागतात. चीन आणि सिंगापूरमध्ये चार पुरतात. दिल्लीत पोलिसांकडून खानावळीचा परवाना घेण्यासाठी ४५ कागदपत्रे द्यावी लागत, तर नव्या शस्त्र परवान्यासाठी १९. त्यानंतर अन्न परवाना, व्यवसाय परवाना आणि करनोंदणी यांतील बराचसा व्यवहार संगणकावर गेला. तरी अर्ज संगणकावर गेल्याने अर्जांची संख्या कमी होत नाही, हे प्रशासनात आयुष्य घालवलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

मी सेवेत असताना परवान्यांच्या असंख्य फायली पाहिल्या. त्यांतील बहुतेक प्रमाणपत्रे एकमेकांचीच साक्ष देत. एका खात्याचा दाखला दुसऱ्या खात्याच्या दाखल्यावर आधारलेला, दुसऱ्याचा तिसऱ्यावर. प्रत्यक्ष जागेवर कोण गेले, जिना मोजला कोणी, दार बाहेरच्या बाजूस उघडते का हे पाहिले कोणी, याचे उत्तर फाइलच्या कोणत्याही पानावर नसे. मोठ्या साखळ्या परवान्यांसाठी स्वतंत्र माणूस नेमतात. बंगाली खानावळीचा मालक तो नेमू शकत नाही, म्हणून तो मध्यस्थाला पैसे देतो किंवा परवान्याशिवाय धंदा करतो. दोन्ही मार्गांनी राज्य कमकुवतच होते.

या कागदांचा मूळ हेतू ग्राहकाची आणि कामगाराची सुरक्षितता हा आहे. तो किती साधतो याचा हिशेब मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरणगावातील भोंगे एकेक करून बंद पडले आणि पुढे त्याच आवारांत कार्यालये, मद्यालये आणि गच्चीवरची उपाहारगृहे आली. मरणपंथाला लागलेल्या शहरी केंद्राचे पुनरुज्जीवन कसे होते, याचे ते देशातील ठळक उदाहरण मानले गेले. २८ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या दोन उपाहारगृहांना आग लागली आणि चौदा माणसे मेली. अग्निशमन दलाच्या अहवालाने हुक्क्याच्या कोळशाच्या उडालेल्या ठिणग्या हे संभाव्य कारण म्हणून नोंदवले. त्यानंतर दोन आठवडेही झाले नव्हते, तोच ८ जानेवारी २०१८ च्या पहाटे बेंगळुरूच्या कलासीपाळ्य भागातील एका बार-उपाहारगृहाला आग लागली. आत झोपलेले पाच कर्मचारी त्यात गेले. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यातील हडफडे येथे रात्रीच्या क्लबला लागलेल्या आगीत पंचवीस जण दगावले. त्यांत तिथे काम करणारे अनेक होते.

या घटनांकडे एकत्र पाहिले तर कागदांची टंचाई हे कारण कुठेच दिसत नाही. टंचाई होती ती प्रत्यक्ष तपासणीची आणि तपासणीचा निष्कर्ष लोकांसमोर ठेवण्याची. छत्तीस परवानग्यांऐवजी पाच-सहा असाव्यात. मात्र अग्निसुरक्षेची पाहणी दरवर्षी जागेवर व्हावी, तिची तारीख, पाहणी करणाऱ्याचे पद आणि आढळलेले दोष प्रवेशद्वारावर कन्नड आणि इंग्रजीत लावले जावेत. गिऱ्हाईक ते वाचेलच असे नाही. आपले पदनाम सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लागणार आहे हे ठाऊक असलेला अधिकारी मात्र जिना चढून जाईल.

कोळशाचा प्रश्न

बार्बेक्यूच्या बाबतीत आणखी एक प्रश्न आहे, तो निखाऱ्याचाच. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये शहरातील हवेच्या प्रश्नावर सुनावणी करताना लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली. पाठोपाठ मुंबई महापालिकेने कोळशाच्या तंदूरभट्ट्या वापरणाऱ्या हॉटेलांनाही नोटिसा बजावल्या. दिल्ली परिसरात हवा बिघडली की तंदुरात कोळसा आणि लाकूड जाळण्यावर बंदी येते. बेंगळुरूत अद्याप हा वाद पेटलेला नाही, पण तो येणार आहे. औद्योगिक वसाहतीच्या हवेत आधीच भर आहे. तिथे प्रत्येक नव्या शेगडीचा धूर मोजला जाईल आणि मोजला जावाच.

या धुराचा पहिला बळी आकाश नसते, सळई फिरवणारा माणूस असतो. बंद स्वयंपाकघरात दहा-बारा तास कोळशाजवळ उभे राहणे म्हणजे सूक्ष्म धूलिकण आणि कार्बन मोनॉक्साइड रोज फुप्फुसात घेणे. कारखान्यातील कामगारासाठी निदान कायद्याच्या पुस्तकात हवेशीरपणाचे नियम आणि कारखाना निरीक्षक असतो. हॉटेलच्या भटारखान्याकडे त्या नजरेने कोणी पाहत नाही.

इथेही धोरणाची पट्टी सर्वांना सारखी लागत नाही. मोठे हॉटेल वीज किंवा गॅसच्या शेगडीवर जाऊ शकते, धूर शोषणारी यंत्रणा बसवू शकते. अनेकांनी ते केलेही आहे. रस्त्याच्या कडेला चार विटांवर कणसे आणि कबाब भाजणारा ते करू शकत नाही. सरसकट बंदी आली तर पहिला गुन्हेगार तोच ठरेल, कारण त्याचा धूर दिसतो. पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्याने नगर विक्रेता समित्या, सर्वेक्षण आणि ठरवलेली विक्रीक्षेत्रे यांची तरतूद केली आहे. स्थानकाजवळ असे क्षेत्र आखून तिथे गॅसची किंवा विजेची सामायिक जोडणी दिली, तर हवा आणि उपजीविका दोन्ही राखता येतील. खर्च मेट्रोच्या एका खांबाहून अधिक होईल असे मला वाटत नाही.

दुसऱ्या बाजूचे टेबल

या नव्या संध्याकाळीचा लाभ कोणाला, हा या लेखातील सर्वांत अवघड प्रश्न आहे. अशा हॉटेलात माणशी हजाराच्या आसपास रक्कम द्यावी लागते. वसाहतीतील अकुशल कामगाराची ती दीड-दोन दिवसांची मजुरी झाली. याच राज्यात ऑगस्ट २०१७ मध्ये इंदिरा कँटीन सुरू झाली. तिथे नाश्ता पाच रुपयांना आणि जेवण दहा रुपयांना मिळते. एका कारखान्याच्या फाटकातून एकाच वेळी बाहेर पडणाऱ्या दोघांच्या जेवणात शंभरपट अंतर असू शकते.

म्हणून हॉटेल नकोच, असे म्हणणे सोपे आहे आणि चुकीचेही. ते हॉटेल तीस-चाळीस तरुणांना काम देते. ओडिशा, आसाम, बंगाल, नेपाळ आणि उत्तर कर्नाटकातून आलेल्या मुलांसाठी शहरातील ती पहिली नोकरी असते. प्रश्न त्या नोकरीच्या अटींचा आहे. बोम्मसंद्र्याहून शहराकडे जाणारी मेट्रोची शेवटची गाडी रात्री अकराच्या आत सुटते, तर हॉटेलची शेवटची भांडी मध्यरात्रीनंतर विसळली जातात. मग मुले जवळपासच्या एका खोलीत आठ-दहा जण राहतात किंवा हॉटेलातच झोपतात. कलासीपाळ्यच्या त्या पाच जणांचा मृत्यू इथून सुरू झाला होता. मालक दुष्ट असेलच असे नाही. त्याला माणसे जवळ हवी असतात आणि परवडणारी घरे जवळ नसतात. औद्योगिक वसाहतीच्या आराखड्यात कारखान्याला भूखंड असतो, गोदामाला असतो, बँकेला असतो. कामगाराच्या झोपेला नसतो.

स्त्रियांच्या बाबतीत चित्र अधिक मिश्र आहे. होसूर रस्त्याच्या पट्ट्यात तयार कपड्यांच्या कारखान्यांत हजारो स्त्रिया काम करतात. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात ‘शक्ती’ योजनेखाली स्त्रियांना राज्य परिवहनाच्या साध्या बसमध्ये मोफत प्रवास आहे. मेट्रोत तशी सवलत नाही आणि फेब्रुवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर मेट्रोचे कमाल भाडे ६० वरून ९० रुपयांवर गेले. त्यामुळे शिवणकाम करणारी बाई खालून बसने जाते आणि संगणकावर काम करणारी वरून मेट्रोने. तरीही, रात्री नऊ वाजता रस्त्यावर दिवे असणे, दुकाने उघडी असणे आणि कुटुंबे चालताना दिसणे याचा लाभ दोघींना सारखाच होतो. ओस रस्त्यापेक्षा जागा रस्ता सुरक्षित असतो. हॉटेलचे हे सार्वजनिक योगदान कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, आणि त्यासाठीच ते हॉटेल मला मोलाचे वाटते.

महाराष्ट्रासाठी काय

बोम्मसंद्र्याची गोष्ट एका राज्याची नाही. चाकण, तळोजा, बुटीबोरी, वाळूज या आपल्या वसाहतीही पाळीपुरत्या जागतात. हिंजवडी ते शिवाजीनगर हा तेवीस किलोमीटरांचा मेट्रोमार्ग उभारला जात असताना हिंजवडीच्या ग्रामपंचायतीकडे, औद्योगिक विकास महामंडळाकडे आणि महानगर प्राधिकरणाकडे नेमके कोणते रस्ते, कोणती गटारे आणि कोणते दिवे, हा वाद बेंगळुरूइतकाच ओळखीचा आहे. आपण प्रथम रूळ टाकतो, मग गाड्यांची वाट पाहतो. त्यानंतर जमिनीचे भाव वाढतात आणि सर्वांत शेवटी पदपथाचा विचार होतो, तेव्हा त्यासाठी जागा उरलेली नसते.

हा क्रम बदलण्यासाठी नवा कायदा लागत नाही. मेट्रोच्या प्रत्येक अंतिम स्थानकाभोवतीच्या पाचशे मीटरांसाठी एकच जबाबदार यंत्रणा नावानिशी ठरवावी. त्या परिसरातील मालमत्ता कराचा ठरावीक हिस्सा तिथल्याच पदपथावर, दिव्यांवर आणि गटारांवर खर्च करण्याचे बंधन घालावे. उपाहारगृहांचे परवाने एका खिडकीत आणावेत, पण अग्निसुरक्षेची आणि भटारखान्यातील हवेची पाहणी प्रत्यक्ष आणि जाहीर असावी. वसाहतीच्या प्रत्येक आराखड्यात कामगारांच्या निवासासाठी भूखंड राखावा, आणि त्यात हॉटेल कामगारही मोजावेत. पथविक्रेत्यांची जागा नकाशावर आधी दाखवावी, अतिक्रमण हटाव मोहिमेनंतर नव्हे.

इतिहासाच्या अभ्यासकाला शहरांच्या भरभराटीची कारणे सहसा किल्ल्यांत, बाजारपेठांत आणि सनदांत सापडतात. पण पेठ टिकली ती तिथे दिवसभर राबलेल्या माणसाला संध्याकाळी बसायला जागा मिळाली म्हणून. बोम्मसंद्र्यात ती जागा आता तयार होऊ लागली आहे, आणि तिचा खर्च एका खासगी मालकाने उचलला आहे. पुढच्या दहा वर्षांत तिथे शहर उभे राहील की केवळ हॉटेलांची रांग, हे त्या मालकावर अवलंबून नाही. स्थानकाच्या जिन्यापासून कारखान्याच्या फाटकापर्यंतचा जो एक किलोमीटर आज कोणाच्याच नावावर नाही, तो कोण आपला म्हणतो, यावर ते ठरेल.